एक क्विंटल अडतीस

23 नोव्हेंबर, चाळीसगाव

आज कापसाच्या काट्यावर चढलो. घरातला काटा 120 ला संपतो, त्यापुढं सुई नुसती थरथरते, म्हणून दोन वर्षं वजन केलंच नव्हतं. दुकानासमोर कापसाची खरेदी चालते. तिथले आप्पा म्हणाले, "या भाऊ, गाठोडं समजून चढा." चढलो. हमालानं सवयीनं मोठ्यानं आकडा पुकारला, "एक क्विंटल अडतीस!" दोन शेतकरी वळून बघायला लागले, कोणाचा माल म्हणून. मीही हसलो.

मग माझ्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात येऊन एका सबमर्सिबल मोटरचं जळकं वाइंडिंग उकलायला खाली बसलो. उठताना पोराला हात मागावा लागला.

हसण्याचं आणखी एक कारण लिहून ठेवतो. आमच्या मित्रमंडळीत मी 'बट्टीवाला' आहे. वरण-बट्टीच्या पंगतीत अकरा बट्ट्या, वर तुपाची वाटी. लोक मला जेवायला बोलवायचे ते मी जेवताना बघायला. लग्नात वाढपी माझ्या ताटापाशी येऊन रेंगाळायचे. हे आवडत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल.

रात्री हिनं सांगितलं की मी घोरता घोरता श्वास थांबवतो आणि ती अंधारात आकडे मोजत बसते. काल 27 पर्यंत गेली. "30 झाले असते तर हलवलं असतं," म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तसं.

2 डिसेंबर

नाशिकला जाऊन आलो. उंची 5 फूट 6 इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 49 च्या जवळ. साखर अकरा वर्षांपासून, तीन महिन्यांची सरासरी 9.1. डॉक्टरांनी वजन कमी करायच्या ऑपरेशनचे दोन रस्ते सांगितले. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून तिला पुढचं आतडं जोडतात. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा बाहेर काढतात, उरते ती नळी. "केळ्याएवढी समजा," ते म्हणाले.

जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला असं अर्धवट सांगून भागत नाही. मी विचारलं, कुठल्या जातीचं केळं, ग्रँड नैनचं की बसराईचं? डॉक्टर हसले. ही हसली नाही.

साखर आहे म्हणून बायपासचाही विचार झाला. पण मला छातीत जळजळ नाही, दुर्बिणीच्या तपासणीत काही निघालं नाही. शेवटी स्लीव्ह ठरली. माझे प्रश्न सगळे धंद्याचे होते. कापतात कशानं? स्टेपलरनं, तो कापतानाच दोन्ही बाजूंना पिनांच्या तीन-तीन ओळी मारत जातो. लीक झालं तर? तो दुर्मीळ पण सगळ्यात वाईट धोका. ताप आला, नाडी जोरात पळायला लागली, पोट दुखायला लागलं, तर वाट न बघता यायचं. हे मला लगेच कळलं. मोटरचं सील गेलं की पाणी आधी दिसत नाही, वाइंडिंग जळाल्यावरच दिसतं.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "तुम्ही कधी जास्त खाता?" मी म्हणालो, लोक बघत असले की. त्यांनी ते लिहून घेतलं.

28 डिसेंबर

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ आणि कमी खायचं, म्हणजे लिव्हर आकसतं आणि दुर्बिणीनं काम करायला जागा मिळते. ते दोन आठवडे नेमके भरीत पार्टीच्या मोसमात आले. यात दोष कोणाचा नाही, पण राग येतो.

आज शेतावर गेलोच. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायचं काम दरवर्षी माझ्याकडं असतं. वांगं कधी उलटायचं ते सालीच्या वासावरून कळतं. साल करपल्याचा वास येतो आणि देठापाशी रस फुटायला लागतो. हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच जाळावर. मग सगळं ठेचून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. कळण्याच्या पुऱ्या तळत होत्या. मी डब्यातून आणलेलं पातळ ताक पीत उभा राहिलो.

कोणीतरी म्हणालं, "शॉर्टकट मारतोय भाऊ. सकाळी पाच किलोमीटर चाल, होईल कमी." मी काही बोललो नाही. आत्तापर्यंत तीनदा 15 ते 20 किलो कमी केले आणि तिन्ही वेळा व्याजासकट परत आले. पोटाचा मोठा तुकडा कापून द्यायचा, जन्मभर गोळ्या खायच्या, याला जे शॉर्टकट म्हणतात त्यांनी लांबचा रस्ता कधी बघितला असेल?

10 जानेवारी, नाशिक

परवा झालं. पोटावर पाच छोटी भोकं. त्याच संध्याकाळी सिस्टरनं उठवून चालवलं. पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखला. पोट फुगवायला भरलेल्या गॅसची ती करामत. तीन रंगीत गोळ्यांच्या यंत्रातून श्वास ओढायचा, तिसरी गोळी अजून वर जात नाही. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन.

आणि पाणी. औषधाच्या टोपणात 30 मिली, ते पंधरा मिनिटांत संपवायचं. घोट नाही, चाटणं. पहिलं टोपण मी एकदम टाकलं, तर छातीच्या मध्ये कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं.

विम्याचं एक वाक्यात: पॉलिसी जुनी होती आणि बीएमआय 40 च्या वर होता, तरी अकरा वर्षांच्या साखरेचे कागद तीनदा मागितले.

19 जानेवारी

घरी. माय रोज दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "मना आंडोरनं पोट कापी टाकं." म्हणजे माझ्या पोराचं पोट कापून टाकलं. अपेंडिक्स सांगायचं ठरलं होतं आमचं. आता गल्लीला माहीत आहे, म्हणजे तालुक्याला.

डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, प्रोटीनची पावडर. दिवसाला 60 ग्रॅम प्रोटीन पोटात जायला पाहिजे. आहारतज्ज्ञ बाईंचा हिशेब असा की आधी प्रोटीन, मग भाजी, भाकरीला जागा उरली तर भाकरी. खान्देशात हे उलटं आहे. इथं भाकरीला जागा आधीच राखून ठेवलेली असते.

ही माळ्यावरून धाकटीच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढून आली. तेवढं माझं जेवण. तीही अर्धीच भरते.

13 फेब्रुवारी

आज चूक केली. मऊ खाण्याची परवानगी मिळाली आहे, म्हणून कळण्याच्या भाकरीचा कोर तोडला, वरणात नीट भिजवला नाही, तीनदा चावला आणि गिळला. अडकला. तोंडाला पाणी सुटायला लागलं, मग पांढरा फेस. उलटीत अन्न नाही, नुसता फेस. वीस मिनिटं मोरीत वाकून उभा. जुन्या सवयीनं तांब्या तोंडाला लावणार होतो, हिनं हातातून काढून घेतला. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. आयुष्यभर अडकलेला घास पाण्यानंच उतरवला, आता तेच बंद.

वजन 121. पण गेले नऊ दिवस तिथंच. डॉक्टर म्हणतात असा थांबा येतो, रोज काट्यावर चढू नका. मी रोज चढतो. घरातल्या काट्यात मावायला एकच किलो कमी व्हायचा आहे.

17 एप्रिल

बाहेर 43 अंश. ऑपरेशन जानेवारीत घ्या, हे नाशिकच्या डॉक्टरांना सुचलं नव्हतं, हिला सुचलं होतं. आता कळतं का. दिवसभर दीड-दोन लिटर पाणी एकेक घोट करत पोटात घालायचं म्हणजे अर्धवेळ नोकरीच. दुकानात बाटलीवर स्केचपेननं तासांच्या रेघा मारल्या आहेत.

केस गळतात. कंगव्यात, उशीवर, मोटरच्या वार्निशमध्येसुद्धा एक सापडला. तिसऱ्या महिन्यात सुरू होतं, पुढं थांबतं, असं आधीच सांगितलेलं होतं. बी-12, लोह, कॅल्शियम, डी, शिवाय पित्तखडे होऊ नयेत म्हणून सहा महिने एक गोळी. गुडघा दुखला म्हणून शेजाऱ्यानं त्याची गोळी देऊ केली. असल्या दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आतड्याला-जठराला फोड येऊ शकतात. साखरेच्या तीन गोळ्यांवरून एकीवर आलो. आणि ही झोपते. मी जागा होऊन बघितलं, घोरत होती.

आता जे कोणी नीट सांगितलं नव्हतं ते लिहितो. भूक लागत नाही. डॉक्टर म्हणाले होते, भुकेचं हार्मोन जठराच्या ज्या भागात जास्त तयार होतं तोच भाग काढतात. ऐकताना तो फायदा वाटला. पण माझा दिवस भुकेवर चालायचा. अकरा वाजता पोटात काहीतरी हलायचं, मग डब्याची वाट, मग चार वाजता शेव-मुरमुरे, मग संध्याकाळी घराकडं जाताना काय केलं असेल याचा अंदाज. आता मोबाइलचा अलार्म वाजतो तेव्हा जेवतो. घरी पोचतो तेव्हा वाटेत कसला विचार करत आलो ते आठवत नाही.

आखाजी (अक्षय्य तृतीया)

बहिणी आल्या. घागरी भरल्या, आगारी टाकली, पोरींचे झोके, गल्लीच्या कोपऱ्यावर माणसांचे पत्ते. मायनं खापरावरची पुरणपोळी केली, आमरस. पंगतीत मोठ्या मेहुण्यांनी सवयीनं अख्खी पोळी माझ्या ताटात टाकली. मी ताटावर हात धरला. पंगत थांबली. आमच्याकडं ताटावर हात धरणं म्हणजे रुसणं.

माय उठली. तिनं पोळीचा चतकोर तोडला, चांदीच्या वाटीत ठेवला, त्यावर दूध ओतलं, उरलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली. "इतलंसंच खा," म्हणाली, "पण माले दिसू दे." मी खाल्लं. पंधरा मिनिटं लागली. ती तेवढा वेळ बघत बसली, तिची पोळी गार झाली.

21 ऑगस्ट

वजन 94. कापसाच्या काट्यावरचा हमाल बदलला आहे, नव्या पोराला माझी ओळख नाही.

सकाळपासून पाऊस. एका शेतकऱ्याची मोटर भरत होतो, समोर नवी तांब्याची तार. शेजारच्या टपरीवर भजी पडली. पोटात काहीतरी गुरगुरलं. आधी वाटलं गॅस. हात थांबवून थोडा वेळ तसाच बसलो. परत गुरगुरलं. घड्याळ बघितलं, 11 वाजून 10 मिनिटं. हिला फोन केला. "काय झालं?" घाबरून विचारलं तिनं. म्हणालो, काही नाही, भूक लागलीय. ती दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "कितीची?"

मला सांगता आलं नाही. डबा उघडला.