आमची वाटचाल: अडत पेढीच्या हिशेबापासून एसटीच्या गेमपर्यंत

आमचा मूळ धंदा सांगलीतल्या हळद अडत्यांना आणि तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर करून देण्याचा. शेतकऱ्याची पट्टी, तोलाई, हमाली, जीएसटी. तो आजही चालू आहे आणि पगार त्यातूनच निघतात. गेमची हौस ऑफिसातल्या पोरांची. हौसेलाही पैसा लागतो, म्हणून एवढंच ठरवलं: गेम लहान, टूडी आणि साध्या अँड्रॉइड फोनवर चालणारा हवा.

कल्पना लगेच सुचली. खेळणारा एसटीचा कंडक्टर. गाडी खच्चून भरलेली, पुढचा थांबा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं काढायची. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना फुकट, पोरांचे पास, आणि बारा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढणारे महाभाग. आजोबा आधार कार्ड घरी विसरतात, तिथून खरी मजा सुरू होते. थोडक्यात, सगळा जीव संवादांत.

इंजिन, म्हणजे गेम ज्यावर बांधतात ते तयार सॉफ्टवेअर, कोणतं घ्यायचं यावर आमच्यात फारसा वाद नव्हता. हिशेबाचं सॉफ्टवेअर सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेतलं, युनिटी हे इंजिनही सी-शार्पवर चालतं, ते शिकवणारे धडेही ढिगानं, म्हणून युनिटीच ठरलं. मग 12 सप्टेंबर 2023 ला युनिटीनं ‘रनटाइम फी’ जाहीर केली: ठरावीक उत्पन्न आणि इन्स्टॉलचा आकडा ओलांडला की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे. छोट्यांसाठी ती मर्यादा वर्षाला 2 लाख डॉलर आणि एकूण 2 लाख इन्स्टॉल. आम्ही तिथवर जातोय कुठले! पण आधीच बाजारात आलेले गेमही त्यात धरले होते. माल उतरल्यावर दर बदलणं बाजार समितीत खपत नाही, आम्हालाही खपलं नाही. वर्षभरानं, सप्टेंबर 2024 मध्ये, कंपनीनं गेमसाठीची ती फी रद्द केली. तोवर आम्ही दुसरीकडे वळलो होतो, आणि त्याचं मोठं कारण फी नव्हतंच.

आमच्या चित्रकार मुलीनं एक दिवस हाक मारली, ‘दादा, पासावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा बरं.’ लिहायचं होतं ‘विद्यार्थी’. वेलांटी व च्या पलीकडे पडलेली, द चा पाय मोडलेला, आणि रफार वर न चढता र च्या पोटात हलंत होऊन बसलेला. देवनागरीत टाइप होण्याचा आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. ती जुळणी, म्हणजे शेपिंग, युनिटीत मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो करत नाही. ते एका कोडला एक आकृती ठेवून मोकळं होतं. यावर अनेकांची युक्ती म्हणजे मजकूर जुन्या कृतिदेव धाटणीच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेल्या, फॉन्टमध्ये बदलून घ्यायचा. एका पाटीला ते ठीक. शेकडो संवाद, रोज दुरुस्त्या आणि शोधायला गेलं तर एकही मराठी शब्द सापडत नाही, हे डीटीपीवाल्यांनी भोगलेलं दुखणं आम्हाला पुन्हा नको होतं.

अनरियल या दुसऱ्या इंजिनाला देवनागरी जमते. रॉयल्टीही 10 लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर 5 टक्के. ती भरायची वेळ आली तर आम्ही पेढे वाटू. पण टूडी तिकिटांसाठी ते फार अवजड, आमचे लॅपटॉप उघडतानाच धापा टाकत.

राहिलं गोडो हे तिसरं इंजिन. अर्जेंटिनातल्या दोघांनी, हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झूर यांनी सुरू केलेलं, 2014 पासून एमआयटी परवान्याखाली खुलं, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, बदलावं. त्याची तिसरी आवृत्तीही अक्षरं अशीच तोडायची. मार्च 2023 मध्ये आलेल्या 4.0 मध्ये मात्र शेपिंग करणारं हार्फबझ आलं आणि ‘विद्यार्थी’ पहिल्या फटक्यात सरळ उमटला. तेवढ्यावर आमचा निकाल लागला. कुणाला हे इंजिन निवडायचं हलकं कारण वाटेल. पण मराठी गेममध्ये मराठीच मोडकी दिसणार असेल, तर बाकीच्या सोयी घेऊन करायचं काय?

पुढेही गमती झाल्या. संवाद एकेक अक्षर उमटावा असं केलं, तर ‘क्ष’ आधी ‘क’ दिसायचा, मग ‘क्’, मग एकदम ‘क्ष’. मजकूर दाखवणाऱ्या चौकटीच्या, म्हणजे लेबलच्या, सेटिंगमध्ये अक्षरं शेपिंगच्या आधी लपवायची की नंतर, असा पर्याय आहे. ‘नंतर’ निवडलं आणि थरथर थांबली. लेबलला भाषाही सांगता येते. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील, तर मराठीचा कोड ‘एमआर’ लिहिल्यावर ते येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

सी-शार्प मात्र सोडावं लागलं. गोडो 4 मध्ये सी-शार्पचा प्रकल्प ब्राउझरसाठी काढता येत नाही, आणि आम्हाला एक नमुना वेबवर ठेवायचा होता. म्हणून गोडोचं स्वतःचं जीडीस्क्रिप्ट शिकलो. दिसायला पायथनसारखं, पोरांनी पटकन उचललं. मी अजून सी-शार्पच्या सवयीनं ओळीशेवटी अर्धविराम टाकतो.

खर्चाचं म्हणाल तर इंजिनाला शून्य, गूगल प्लेच्या खात्याला एकदाच 25 डॉलर, आणि स्टीम या संगणक गेमच्या ऑनलाइन दुकानात जायचं तर प्रत्येक गेममागे 100 डॉलर. प्लेचं खातं फर्मच्या नावानं हवं तर डन्स, म्हणजे कंपन्यांना मिळणारा ओळख क्रमांक, लागतो, तो आधी काढून ठेवा. कन्सोलसाठी, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या गेमच्या यंत्रांसाठी, गोडो थेट काही देत नाही. कन्सोलवाल्यांचा कोड गुप्ततेच्या करारात असतो, तो खुल्या इंजिनात घालता येत नाही, त्यामुळे पोर्टिंग, म्हणजे गेम त्या यंत्रावर बसवण्याचं काम, बाहेरून करून घ्यावं लागतं. सध्या आमचा कंडक्टर फोनवरच ड्युटी करतोय, आणि पुढच्या आवृत्तीत यात्रेची जादा गाडी घालायची की नाही यावर ऑफिसात जोरात भांडण चालू आहे.