नीरेच्या छावणीतला मास्तर

सोमवार, रात्री

वेल्श कवी आलुन लुईसचं चरित्र सांगायला बसलं तर दोन मिनिटांत संपतं. १ जुलै १९१५ ला दक्षिण वेल्समधल्या कुमामन या खाणगावात जन्म, ५ मार्च १९४४ ला ब्रह्मदेशातल्या आराकानच्या डोंगरात मृत्यू. वय अठ्ठावीस. मध्ये दोनेक वर्षांची मास्तरकी, चार वर्षांची फौज, काही कथा आणि कवितांचे दोन संग्रह. दुसरा संग्रह १९४५ मध्ये छापून आला, तो त्याला बघायलाही मिळाला नाही.

घराण्यातले पुरुष कोळशाच्या खाणीत उतरणारे. वडील तेवढे शिकून शाळामास्तर झाले. मुलगा स्कॉलरशिपवर बोर्डिंगात गेला, ॲबरिस्टविथच्या कॉलेजात इतिहास घेऊन पहिल्या वर्गात आला आणि १९३८ मध्ये पेंगॅमच्या शाळेत शिकवू लागला. युद्ध त्याला मनापासून नको होतं. तरी १९४० च्या मे महिन्यात भरती झाला. मीही इतिहासच शिकवते. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे नवे शिक्षक आमच्या स्टाफरूममध्ये येतात, त्यांच्या तोंडाकडे बघितलं की या वयाचा अर्थ कळतो.

त्याची पहिली गाजलेली कविता पावसाची आहे. इंग्लंडमधली छावणी, रविवार, दिवसभर रिपरिप. शिपाई तंबूत आडवे पडून सिगारेटी ओढताहेत, मळके मोजे रफू करताहेत, रविवारचे पेपर चाळताहेत. एकाला कोल्हा दिसला, तर घरी लिहायच्या चिठ्ठीत तेवढंच लिहिलं. कविता म्हणून यात काही ‘घडत’ नाही आणि तरी ती मनातून जात नाही. लढाईबद्दल इतकं खरं लिहिलेलं मी फार कमी वाचलंय. बहुतेक लढाई म्हणजे हेच, वाट बघणं.

मंगळवार

१९४२ च्या अखेरीस त्याची पलटण मुंबईला उतरली आणि छावणी पडली ती नीरेला. पुणे-सातारा सीमेवरची आपली नीरा! आजोळी जाताना ज्या स्टेशनवर उतरायचो, तिथं एक वेल्श कवी तंबूत बसून बायकोला पत्रं लिहीत होता, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही.

फुटबॉल खेळताना जबडा मोडला, वर आमांशानं गाठलं. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात कित्येक आठवडे काढले. तिथल्या रात्रीच्या जागरणावर त्याची एक कविता आहे. झोप येत नाही तेव्हा अंधारात सगळा वेल्स त्याच्या खाटेपाशी येतो: समुद्र, मोठमोठे डोंगर आणि सगळ्यांत शेवटी ती बिननावाची खाणींची दरी, उतारावर रस्ते आणि थडगी ओरखड्यांसारखी उमटलेली. त्या दरीत बायको, ग्वेनो. मग उजाडतं, हजारो मैलांचं अंतर पुन्हा मध्ये येतं आणि बाहेर कावळे ओरडू लागतात. उपाशी हिंदुस्थानच्या घशातून आलेला आवाज, असं तो म्हणतो.

ते १९४३ होतं. त्याच हिवाळ्यात, १० फेब्रुवारीपासून, पुण्यातच आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपास चालला होता. एका शहरात हे दोघं. एक कैदेत, दुसरा कैद करणाऱ्या सरकारच्या गणवेशात. आणि त्या दुसऱ्याला स्वतःच्या मुलखातल्या गरिबीची इतकी चांगली ओळख की इथली गरिबी त्याला क्षणभरही ‘पौर्वात्य’ म्हणून नेत्रसुखद वाटली नाही.

गुरुवार

आज ‘करंजे’ पुन्हा वाचली. कवितेला गावाचंच नाव आहे. नीरेपासून जवळ, बारामती तालुक्यात करंजे आहे आणि तिथं सोमेश्वराचं जुनं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी आई तिथं जायची.

कवितेत झाडूवाला सांगतो की गावात देऊळ आहे, सोन्याच्या छपराचं. हा तिथं जातो तर दिसतात लांब नाकाची डुकरं, उकिरड्यावर गिधाडं, पडक्या भिंती, विहिरीपाशी पुटपुटणाऱ्या म्हाताऱ्या, उघडी पोरं. जांभळ्या लुगड्यातल्या तरण्या मुली या शिपायांना बघून बाजूला होतात. झाडांवरून करडी वानरं लोंबकळताहेत आणि लाल साडीतली एक पोरगी खुळखुळा वाजवून त्यांना हाकलायचा जीव तोडून प्रयत्न करतेय. वानरं तिला अजिबात जुमानत नाहीत.

आजोळच्या शेतावर मी हे बघितलंय. डबा बडवून हात दुखायचे आणि वानर बांधावर बसून आपल्याकडेच बघत राहायचं.

त्या कवितेत एक खारट माळ येतो, त्यावर दगडांचा ढीग आणि तिथं एकटा, छोटासा विष्णू. मामांना फोन लावला, म्हटलं, मामा, नीरेच्या बाजूला असा माळ कुठे? ते म्हणाले, “अगं, कालव्याकाठचं चोपण दिसलं असणार त्याला. पांढरा पापुद्रा येतो, त्यावर कुसळसुद्धा धड उगवत नाही.” नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. इंग्रजांनी दुष्काळावर उपाय म्हणून काढला, ऊस आला, बागाईत आलं आणि निचरा नसलेल्या काळ्या रानांत पाणी मुरून मुरून खालचं मीठ वर आलं. म्हणजे ज्या सरकारचा हा अधिकारी, त्याच सरकारच्या पाण्यानं तो माळ खारट झालेला. त्याला हे कुणी सांगितलं असतं तर कवितेत नक्की आलं असतं, असं मला वाटतं. खाणीनं पोखरलेल्या दरीतला माणूस होता तो.

आणि तो विष्णू मला म्हसोबा वाटतो. रानात दगडांपाशी एकटा बसतो तो आमच्याकडे म्हसोबाच. पण त्याच्यासमोर हा परदेशी तरुण जे थबकतो, त्यात खोटं काही नाही. तो दगड त्याला एकट्यानं ये म्हणतो, आणि हा विचारात पडतो: मला जगाकडून मागायचं कमी कमी होत चाललंय, हे बायकोला सांगू का? तिला कळेल का?

शुक्रवार, उशिरा

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सोन्याच्या छपराचं देऊळ सांगणारा झाडूवाला. छावणीत झाडू मारणारा माणूस १९४३ मध्ये कुठल्या जातीचा असणार, हे वेगळं सांगायला नको. गावच्या देवळाच्या आत त्याला कोण जाऊ देणार होतं? मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला १९४७ मध्ये, आणि त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात विठोबाचं दार उघडावं म्हणून उपासाला बसावं लागलं. सोनं असतं ते बाहेरून बघणाऱ्याला. लुईसनं हा धागा ओढलेला नाही, फक्त पहिल्याच ओळीत त्या माणसाला बोलू दिलंय. पण ‘मराठा घाट’ या कवितेत तो गावच्या दुष्ट छोट्या देवांवर आणि दात विचकणाऱ्या पुजाऱ्यांवर तुटून पडतो, तेव्हा मला राग येत नाही तो या झाडूवाल्यामुळे.

माझं त्याच्याशी भांडण आहे ते दुसऱ्याच जागी. ‘मराठा घाट’ मध्ये भेगाळलेली खोरी आहेत, काट्याकुट्यावर जगणाऱ्या शेळ्या आहेत, गोवऱ्यांचा जाळ आहे, आणि वर घाटात पिठासारखी मऊ लाल माती. खालच्या माळावर करपणारी बाई कधी तिथवर चढून जाईल का, असं तो विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो की नाही, तिला हलता येणार नाही. हजार वर्षं फुकट गेली, आणखी हजार सुरू होणार.

नाही, हे मला मान्य नाही. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा. त्याच १९४३ मध्ये त्या जिल्ह्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारची उभारणी चालली होती. शेतकरी स्वतःचे न्यायनिवाडे स्वतः करू लागले होते, रानात लपलेल्या कार्यकर्त्यांना बाया भाकरी पोचवत होत्या. माणसं हलत होती. पण गोऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर नाही, त्याच्यासमोर ती बाजूला होत होती, करंज्याच्या मुलींसारखी. त्याच्या अंगावरच्या गणवेशानं त्याच्यापासून आमचं निम्मं लपवलं.

पण मग ‘शेतकरी’ ही छोटी कविता वाचावी. खडकवासल्याच्या तलावात त्याच्या पलटणीची पाण्यातून किनाऱ्यावर उतरण्याची तालीम चालायची. कवितेत तळ्याकाठी बैलांमागे गाणं म्हणत चालणारा अनवाणी गडी आहे, रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया आहेत, पोटात मूल आणि डोक्यावर ओझं घेऊन ताठ चाललेल्या. तुडवलेल्या पिकांतून शिपाई रखडत जातात. शेतकरी त्यांना मरताना बघत राहतात. इथं बघणारे आम्ही आहोत आणि जाणारा तो. हे ज्याला लिहिता आलं त्याला वेळ मिळायला हवा होता.

रविवार

मिळाला नाही.

१९४३ च्या उन्हाळ्यानंतर त्याला कराचीला हेरखात्याच्या अभ्यासक्रमाला पाठवलं. तिथंच शिक्षक म्हणून राहा, असं वरिष्ठांनी सुचवलं. त्यानं नाही म्हटलं आणि पलटणीत परतला. फेब्रुवारी १९४४ मध्ये पलटण आराकानात पोचली. त्याचं काम मुख्यालयात बसून करायचं होतं. त्यानं मागून घेऊन पुढच्या कंपनीत जागा मिळवली. ५ मार्चच्या सकाळी दाढी केली, तोंड धुतलं, हातात पिस्तूल घेऊन संडासाच्या दिशेनं गेला. गोळीचा आवाज आला. कानशिलात जखम होती. सहा तासांनी गेला. जपान्यांवर त्यानं एकही गोळी झाडली नव्हती. लष्करी चौकशीनं अपघात ठरवला, पुष्कळ जणांनी आत्महत्या मानली. त्या सकाळचा निवाडा करायची मला इच्छा नाही.

माझं मन अडकतं ते कराचीपाशी. फळा होता, वर्ग होता, सुखरूप राहण्याची सोय होती, आणि शिकवणं तर त्याला येतच होतं. पण ज्या पोरांबरोबर बोटीतून आला, त्यातली बरीचशी त्याच्याच दऱ्यांमधली, त्यांना पुढे धाडून आपण मागे राहायचं हे त्याला जमलं नाही. वर्गातल्या पोरांना सोडून जाववत नाही, तसली ही ओढ मला वाटते. युद्धानं नेमका तिचाच फायदा घेतला, आणि याचा मला आज, इतक्या वर्षांनी, त्याच्या मुलखाशी काही नातं नसताना, संताप येतो.