नळीला सत्तूर आहे की!

"काका, जपानी सुरी घेऊ का? आणि घ्यायची तर कुठली?" रविवारी मटणाच्या रांगेत उभा राहिलो की हा प्रश्न ठरलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलादाला पाणी देऊन कडक करायच्या, भट्टीपुढं माझी तीस वर्षं गेली आणि घरचा तांबडा-पांढरा रस्सा मीच करतो, एवढ्यावर लोकांनी मला सुऱ्यांतला जाणकार ठरवलंय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी माझी फजिती ऐका. पहिली जपानी सुरी पुतण्यानं आणून दिली. कांदा असा सर्रकन चिरला जाई की डोळ्यांना पाणीसुद्धा कमी. त्याच रविवारी मस्ती चढली आणि तीच सुरी मी नळीवर हाणली. धारेचा नखाएवढा टवका उडाला! बायको काही बोलली नाही, नुसती विळी पुढं सरकवली. जास्त पाणी दिलेलं पातं चिवट राहत नाही, हे कारखान्यात पोरांना शिकवणारा मी, आणि घरात हे केलं.

रॉकवेल या कडकपणा मोजायच्या मापात सांगायचं तर साध्या जर्मन धर्तीच्या स्टेनलेस सुरीचा कडकपणा ५६ ते ५८ असतो, व्हीजी-१० या जपानी स्टीलच्या सुरीचा ६०च्या आसपास. या स्टीलमध्ये कार्बन सुमारे १ टक्का आणि क्रोमियम १५ टक्के. पहिल्यामुळं कडकपणा, दुसऱ्यामुळं गंज कमी. आकड्यांतला फरक किरकोळ दिसतो, पण मऊ धार हाडावर वाकते आणि कडक धार तुटते. त्यात जपानी पातं पातळ, धारेचा कोन प्रत्येक बाजूनं १५ अंशांच्या आसपास. म्हणून सुरी घेताना ती काय काय कापते हे विचारू नका, तिच्याकडून काय कापून घ्यायचं नाही ते ठरवा. आपल्याकडं नळीला सत्तूर आहे, नारळाला विळी आहे. ती दोन्ही घरात असतील तर खुशाल घ्या.

कुठली? सांतोकू, १६५ ते १८० मिलिमीटरची. नावाचा अर्थ तीन गुण. मांस, मासे, भाजी तिन्हीला चालते असा. भाजीच जास्त असेल तर चौकोनी पात्याची नाकिरी. कपिलतीर्थ मंडईतून आणलेली मेथीची जुडी तिच्याखाली बघता बघता बारीक होते. दोन्ही बाजूंनी धार असलेलीच घ्या. एकाच बाजूची धार सुशी करणाऱ्यांना लखलाभ, त्यात डावखुऱ्यांची तर पंचाईतच.

पात्यावरच्या लाटांना भुलू नका. बहुतेक सुऱ्यांत ती नक्षी बाहेरच्या थरांची असते, कापतो मधला गाभा. दुकानदार लाटा दाखवायला लागला की गाभ्याचं स्टील कुठलं ते विचारा.

घरात कुणीही सुरी कशीही वापरत असेल तर व्हीजी-१०च्या नादी लागूच नका. मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम स्टीलची थोडी मऊ जपानी सुरी घ्या. धार लवकर जाईल, पण लवकर लागेलही.

आणि दुसऱ्या सुरीच्या आधी दगड. एक हजार ग्रिटचा (आकडा मोठा तितका दाणा बारीक) पाण्याचा दगड घरच्या कामाला पुरतो. सायकलवर चाक फिरवून धार लावणाऱ्याकडं ही सुरी देऊ नका. माणूस वाईट नसतो, पण कोरड्या चाकावर धारेची कड तापते आणि तिचं पाणी उतरतं. काठ निळसर झाला की समजा, कारखान्यात दिलेलं पाणी दारात गेलं. दगडावर कोन कसा धरायचा? पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १२ मिलिमीटर उचलायची, की १५ अंश झाले. मी सुरुवातीला लाकडाची चीप ठेवून सवय केली. माझा टवका घासून काढायला मात्र चारशेच्या दगडावर दोन संध्याकाळी गेल्या.

पाट लाकडाचा हवा. ओट्याच्या ग्रॅनाइटवर तर बिलकूल कापायचं नाही. टोमॅटो-लिंबू चिरून झालं की धुवायची आणि लगेच पुसायची. स्टेनलेस असली तरी पावसाळ्यात खारट ओली ठेवली तर डाग पडतात. सिंकमधल्या ढिगात टाकायची नाही हा नियम आमच्या घरी माझा नव्हे, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "ही तुमची तुम्हीच घासा, मला बोटं लागतात."