बैठक दसऱ्याच्या आत

माझी मोठी जाऊ दोन वर्षं आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होती. हे गावात कुणाला माहीत नव्हतं, आणि तिलाही नव्हतं.

जूनमध्ये पोरीचं बोनाफाईड आणायला गेले तेव्हा ऑफिसच्या भिंतीवरच्या रंगवलेल्या फलकावर सहज नजर गेली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, आणि खाली सहाव्या नंबरला जाऊबाई, सौ. लावून, पालक सदस्य. संध्याकाळी भाकरी थापताना तिला विचारलं. ती म्हणाली, "मी? आन् कवा झाले?" मग तव्यावरची भाकरी उलटून जरा वेळाने आठवून म्हणाली, "पोरगं वही घेऊन यायचं बघ, गुरुजींनी सही मागितलीय म्हणून. मला वाटलं खिचडीची आसंल."

मी रजिस्टर बघायला मागितलं. नवे हेडमास्तर तसे सरळ आहेत, दोनदा टाळून तिसऱ्यांदा दाखवलं. बारा महिन्यांच्या बारा बैठका, सगळ्या झालेल्या. "मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले." डिसेंबर-जानेवारीत जाऊ ऊसतोडीला कर्नाटकात फडावर होती, तरी त्या पानांवर तिची सही आहे. तिच्या नेहमीच्या सहीपेक्षा जरा सुबकच आहे.

इथून हे सगळं सुरू झालं.

मी स्वतः नऊ हंगाम कोयता केला आहे. बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात हे वेगळं सांगायची गरज नसते, पण हे वाचणारे सगळे इथले नसतील. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघायचं, ते गुढीपाडव्याच्या आसपास परतायचं. आता सहा वर्षं झाली, मी जात नाही. तोडणीवाल्या बायकांच्या संघटनेचं काम करते. रेशनकार्ड, कामगार ओळखपत्र, अपघाताची भरपाई, मुकादमाशी हिशेबाची भांडणं, हे माझं रोजचं. शाळेकडे मात्र माझं कधी नीट लक्ष गेलं नव्हतं. शाळा म्हणजे गुरुजींचं काम, असंच मीही धरून चालले होते.

मग कायदा वाचला. 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा, कलम 21. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. काम काय, तर शाळेवर देखरेख, विकास आराखडा आणि आलेला पैसा कुठे गेला ते बघणं. आपल्या राज्यात मुदत दोन वर्षांची, अध्यक्ष पालकांमधूनच, हेडमास्तर सचिव, महिन्याला एक बैठक. कागदावर इतकं चांगलं आहे की वाचताना मला हसूच आलं.

आमच्या समितीची मुदत जुलैत संपत होती. मी विचारलं, नवी कधी? सर म्हणाले, "दिवाळीनंतर बघू ताई, आत्ता खूप ऑनलाइन कामं आहेत."

दिवाळीनंतर. आमच्या शाळेचा पट 164. त्यातल्या निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप दिवाळीनंतर गावातच नसतात. मग पालक सभेला कोण येणार? दुकानवाले, दोन-चार शेतीवाले, मुकादमाच्या घरचे. वर्षानुवर्षं समिती अशीच होत आली. कुणी मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही. सोयीची तारीख धरत गेले आणि ती कुणाच्या सोयीची हे कुणी विचारलं नाही, एवढंच.

तेव्हा ठरवलं की उभं राहायचं. अध्यक्षपदाचं नंतर बघू, आधी सभा दसऱ्याच्या आत झाली पाहिजे. चाळीस पालकांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज केला. एक प्रत हेडमास्तरांना, एक केंद्रप्रमुखांना, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि तिन्हींवर पोच घेतली. पोच घ्यायची सवय मुकादमांनी लावली आहे, त्यांचे आभारच मानायला हवेत.

पहिली तारीख मिळाली ती नेमकी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशीची. एकवीस माणसं आली, सभा तहकूब. दुसरी तारीख मी मागून घेतली, शनिवारची. सकाळची शाळा असते, रोजंदारीवाल्या बायकांचा अर्धाच दिवस मोडतो.

मधले बारा दिवस प्रचार. मोठ्ठा शब्द झाला. संध्याकाळी सात ते नऊ वस्तीवर फिरायचं, एवढाच तो. ज्या घरात जावं तिथं बांधाबांध चाललेली. ताडपत्री उन्हात टाकलेली, पत्र्याच्या पेटीत मीठ-मिरची भरायची लगबग. एका घरी म्हातारी नव्या कोयत्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळत बसली होती, सुनेच्या हाताला फोड येऊ नयेत म्हणून. मी समितीचं सांगत होते, ती गुंडाळत होती. शेवटी गाठ मारून दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "समिती झाली तर पोरगी हितं राहील का माझ्यापाशी? तेवढं सांग. बाकीचं तुझं तू बघ."

म्हातारीने दोन वाक्यांत माझा जाहीरनामा करून दिला. आमच्याकडे हंगामी वसतिगृह म्हणून योजना आहे. आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावातच आजी-आजोबांकडे, नातेवाइकांकडे राहतात आणि हंगामभर त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. त्याचा सर्व्हे आणि प्रस्ताव शाळेतून, समितीच्या ठरावाने जातो. दरवर्षी आमचा ठराव व्हायचा तोवर टोळ्या निघून गेलेल्या असायच्या. पोरं गेल्यावर मंजुरी येऊन काय उपयोग? आईबापाबरोबर जाणाऱ्या पोरांना शिक्षण हमी कार्ड दिलं की फडाजवळच्या शाळेत बसता येतं म्हणतात. कायद्याच्या कलम 9 मध्येही स्थलांतरितांच्या मुलांना दाखल करून घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे. पण फडावर दहा-बारा वर्षांची पोर म्हणजे धाकट्याला सांभाळणारी आणि वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधणारी. मी बघितलं आहे. माझी थोरली असंच करत वाढली आणि सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. धाकटी आता पाचवीला आहे.

समोर उमेदवार होता मुकादमाचा पुतण्या. त्याला समितीत एवढा रस का, तर अध्यक्ष आणि हेडमास्तरांच्या सहीने खातं चालतं. आमच्या पटाला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान वर्षाला 50 हजार बसतं, येतं तेव्हा. शिवाय गणवेशाचे पोरामागे दोन जोडांचे 600 रुपये. 2024 साली सरकारने राज्यभर एकच गणवेश काढला, कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे. त्यात पोरं किती दिवस जुन्या कपड्यांत आली आणि नवे आले तेव्हा कुणाची चड्डी गुडघ्याखाली, कुणाचा शर्ट बेंबीवर, ते सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षापासून खरेदी परत समितीकडे आली आणि समितीची खुर्ची अचानक चांगली दिसायला लागली. त्यात पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक. आमच्याकडे आता शाळा समितीच्या अध्यक्षाचेसुद्धा अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात.

शनिवारी शंभरावर पालक आले. मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून मी स्वतः दोनदा पुकारा केला होता. निम्म्याहून जास्त बाया, डोक्यावरून पदर, व्हरांड्यात पोरांच्या चपलांशेजारी बसलेल्या. त्यांना सतरंजीवर आणायलाच पंधरा मिनिटं गेली. बारा जणांची समिती करायची होती: नऊ पालक, एक ग्रामपंचायत सदस्य, एक शिक्षक, एक शिक्षणप्रेमी. पाचवीच्या पालकांतून मी आले. जाऊ चौथीतून आली, या वेळी तिला माहीत असताना. एका बाईचं नाव पुकारल्यावर तिचा नवरा उभा राहिला आणि म्हणाला, "मीच येत जाईन बैठकीला, तिला काय कळतंय." सर काही बोलणार तेवढ्यात मागून कुणी तरी ओरडलं, "मंग तुझ्या नावापुढं सौ. लाव की!" हशा झाला. तो बसला.

अध्यक्षाची निवड त्याच दिवशी, आम्हा बारा जणांत. मी चिठ्ठ्या टाका म्हटलं. सर म्हणाले, आजवर हात वर करूनच झालंय. इथे मी भांडायला हवं होतं. सभा चांगली झाली होती, त्या भरात मी सोडून दिलं. माझी चूक.

माझ्या हिशेबाने सात हात माझे होते. पुतण्या खिडकीशी उभा, त्याचा काका बाहेर लिंबाखाली मोटारसायकलवर बसलेला. काका काही बोलत नव्हता, नुसता बसला होता. माझ्या नावाला हात वर झाले. जाऊचा पहिला. समोर बसलेली बाई, माझ्याबरोबर दोन हंगाम एकाच टोळीत काढलेली, तिचा हात उठला, कानाच्या वर गेला, तिथून पदराचा काठ पुढे ओढला आणि खाली आला. तिने आणि तिच्या नवऱ्याने श्रावणातच उचल घेतली होती. मुकादम तोच. तिच्या शेजारणीनेही हात मांडीवरच ठेवला. पाच विरुद्ध सात.

तिचा मला राग आला का? तीन दिवस आला. चौथ्या दिवशी ती दळण घेऊन जाताना दारात थांबली, काहीच बोलली नाही, मीही नाही. मग तिनेच विचारलं, "वसतिगृहात माझ्या दोघांची नावं घातलीस ना?" मी म्हटलं, "घातली."

कारण नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत, दसऱ्याच्या पाच दिवस आधी, तो ठराव मी मांडला आणि अध्यक्षांनी मुकाट्याने अनुमोदन दिलं. 58 मुलांची यादी. प्रत्येक नावापुढे सांभाळणाऱ्या आजीचं किंवा चुलतीचं नाव आणि अंगठा. मंजुरी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली, तोवर 19 पोरं गेली होती. 39 राहिली. मुठीला चिंध्या बांधणाऱ्या म्हातारीची नात त्या 39 मध्ये आहे. टोळीतल्या माझ्या मैत्रिणीचा मुलगा आहे, मुलगी नाही. तिला धाकट्यासाठी नेलं.

अध्यक्षाबद्दलही खरं ते लिहिते. माणूस वाईट नाही. शाळेच्या बोअरची मोटर चार महिने बंद होती, मी तीन अर्ज केले, त्याने एका फोनवर दुसऱ्या दिवशी माणूस आणला. गणवेशाचं दुकान मात्र त्याच्याच साडूचं निघालं. मी तीन दुकानांची कोटेशनं मागितली तेव्हापासून तो मला "मॅडम" म्हणतो, आधी "वहिनी" म्हणायचा.

रजिस्टर अजून एकदा पोराच्या हाती घरी आलं, नोव्हेंबरमध्ये. जाऊने पोराला गूळ-शेंगदाणे दिले, वही उघडलीसुद्धा नाही आणि सांगितलं, "गुरुजींना म्हणावं, बैठक लावा, तिथं येऊन करते." पोरगं वही घेऊन परत गेलं. तेव्हापासून बैठका शाळेतच होतात. सात-आठ जण येतात. जाऊ बोअरच्या मोटरच्या खर्चाचं बिल उलटसुलट बघते, आकडे तिला येतात, हंगामाचा टनाचा हिशेब तीच ठेवायची.

उद्या अकराला पुढची आहे. पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा ठरलं आहे, साठा रजिस्टरशी ताळा करून. शाळेतला वजनकाटा बंद पडलेला आहे, म्हणून किराणावाल्याचा मागून ठेवलाय. सकाळी साडेदहाला उचलायला माणूस पाहिजे, तो मला एकटीला उचलत नाही.