मेरी रीडच्या मागावर

जमैकातल्या किंग्स्टनहून पोर्ट रॉयलला जाणारा रस्ता म्हणजे समुद्रात लांबवर घुसलेली वाळूची पट्टी. मध्ये विमानतळ, टोकाला दुपारी पेंगणारं कोळ्यांचं गाव. एके काळी हे कॅरिबियनमधलं सगळ्यात बदनाम बंदर होतं. ७ जून १६९२ च्या भूकंपात त्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

सोबत आई होती. जेवायला तळलेला मासा, त्यावर व्हिनेगरात मुरलेला कांदा नि झणझणीत मिरची, आणि बॅमी नावाची कसाव्याची जाड भाकरी. आईने तुकडा मोडून चावला. "साबुदाण्याची चव आहे गं!" असणारच, साबुदाणा त्याच कंदाचा.

धक्क्यावरच्या नाववाल्याने लांबवरचा एक ठिपका दाखवला: रॅकहॅम्स की. कॅलिको जॅक रॅकहॅम या समुद्री चाच्याच्या नावाचं बेट. नोव्हेंबर १७२० मध्ये त्याला इथे पोर्ट रॉयललाच फाशी दिलं आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना जरब बसावी म्हणून प्रेत टांगून ठेवलं. पण आम्ही आलो होतो त्याच्या जहाजावरच्या दोघींसाठी. ॲन बॉनी आणि मेरी रीड.

पुरुषी वेषात राहून सगळ्यांना फसवणाऱ्या बायका, अशी त्यांची ख्याती. १७२४ साली लंडनला छापलेल्या एका पुस्तकाने ती भरपूर तिखटमीठ लावून पसरवली. खटल्यातल्या साक्षी मात्र वेगळंच सांगतात. डोरोथी थॉमस नावाच्या बाईची होडी या टोळीने लुटली होती. तिने कोर्टात सांगितलं: दोघींच्या अंगात पुरुषी जाकिटं, लांब विजारी, डोक्याला रुमाल, हातात कोयता नि पिस्तूल, पण छातीवरून मी ओळखलं, या बायका आहेत. दोन फ्रेंच साक्षीदार म्हणाले, जहाज दिसलं, पाठलाग किंवा हल्ला करायचा असला की त्या पुरुषांचे कपडे घालत. एरवी बायकांचेच.

हे मी आईला वाचून दाखवलं. "मग यात वेषांतर कसलं? लावणीला चिखलात उतरताना आम्ही लुगडं गुडघ्याच्या वर खोचायचो, ते काय सोंग होतं?"

मला हे पटलं. शिवाय बहामाजमधल्या नासाऊच्या गव्हर्नरने ५ सप्टेंबर १७२० च्या जाहीरनाम्यात दोघींची नावं सरळ छापली होती. लपलंय कोण इथे? (चाचे म्हणायलाही माझी जीभ जरा अडखळते. त्याच काळात इंग्रज आमच्या अलिबागच्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणत होते!)

दुसऱ्या दिवशी शेअर टॅक्सीत चेंगरून स्पॅनिश टाउन गाठलं. तेव्हाची जमैकाची राजधानी हीच. २८ नोव्हेंबर १७२० ला दोघींचा खटला चालला, फाशी ठोठावली गेली, आणि मग दोघींनी सांगितलं की आपण गरोदर आहोत. फाशी थांबली. मेरी मात्र वाचली नाही. तिच्या दफनाची नोंद इथल्याच सेंट कॅथरिन पॅरिशच्या वहीत आहे, २८ एप्रिल १७२१. ॲनचं नाव फाशीच्याही नोंदीत नाही, सुटकेच्याही.

विटांच्या जुन्या कॅथेड्रलच्या आवारात आम्ही तासभर थडगी वाचत फिरलो. कर्नल, न्यायाधीश, त्यांच्या बायका. मेरी रीड नव्हती. आई एका सावलीत बसली, चप्पल काढून तिने पाय चोळले आणि म्हणाली, "बाळाचं काय झालं असेल गं तिच्या?"

बाहेर टॅक्सीवाला चौथं गिऱ्हाईक मिळावं म्हणून हॉर्न वाजवत होता.