हळदीची पोकळ थप्पी

एप्रिलचा पहिला पंधरवडा आम्हा सनदी लेखापालांसाठी बँक शाखांच्या वैधानिक लेखापरीक्षणाचा असतो. वर्षभराचा कारभार चार-पाच दिवसांत तपासायचा, कर्जखात्यांची वर्गवारी नियमाप्रमाणे झाली आहे की नाही याचा निवाडा करायचा आणि ठरल्या तारखेला अहवाल पाठवायचा, अशी ती घाई असते. ६ एप्रिल २०१५ च्या सोमवारी सांगली जिल्ह्यातील एका शाखेत मी पोहोचलो, तेव्हा स्वतःच्या सहीने अहवाल देण्याचे ते माझे दुसरेच वर्ष होते. शाखा लहान होती. एकूण कर्जे सुमारे २२ कोटींची आणि त्यांत अनुत्पादक, म्हणजे वसुली थकलेली, ९२ लाखांची, म्हणजे चार टक्क्यांच्या किंचित वर. मेअखेरीस निवृत्त होणार असलेले शाखाधिकारी अत्यंत सौजन्याने बोलत होते आणि मी मागण्याआधीच प्रत्येक फाइल टेबलावर येत होती.

त्या शाखेतील सर्वांत मोठे खाते हळदीच्या एका व्यापाऱ्याचे होते. कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसे उचलायच्या कर्जाची, मर्यादा दीड कोटी, येणे बाकी १ कोटी ४८ लाख. व्यापाऱ्याने बँकेला दिलेल्या साठ्याच्या ताज्या विवरणात, स्टॉक स्टेटमेंटमध्ये, ४,००० पोती हळद दाखवली होती. पोत्याला ६० किलो आणि क्विंटलला ८,५०० रुपये धरले की मालाची किंमत २ कोटी ४ लाख होते, त्यातून २५ टक्के मार्जिन वजा जाता ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या मालावर उचलता येणारी रक्कम, १ कोटी ५३ लाखांवर येते. येणे बाकी तिच्या आत बसत होती, त्यामुळे संगणकाच्या लेखी खाते नियमित होते.

मात्र खातेउतारा वाचताना मी थबकलो. जानेवारी ते मार्च या तिमाहीत खात्याला साडेचार लाखांहून अधिक व्याज नावे पडले होते आणि त्याच काळात जमा झाले होते जेमतेम सव्वा लाख. हळदीचा हंगाम ऐन भरात असताना हळदीच्या व्यापाऱ्याच्या खात्यात विक्रीचा पैसा येत नाही, ही गोष्ट सांगलीत वाढलेल्या माणसाला तरी पटणारी नव्हती. त्यानंतर ३१ मार्चच्या रात्री पावणेदहा वाजता एकरकमी ५ लाख जमा झाले होते आणि तेवढ्यावर तिमाहीचे व्याज भागले होते.

जमा-नावे व्हाउचरांचा त्या दिवसाचा गठ्ठा मी मागवला. ते ५ लाख व्यापाऱ्याच्या भावाच्या बचत खात्यातून आले होते आणि भावाच्या खात्यात आदल्याच दिवशी म्हशी खरेदीसाठी मंजूर झालेले ६ लाखांचे कर्ज जमा झाले होते. दोन्ही व्हाउचरे एकाच हस्ताक्षरात, एकाच निळ्या शाईने लिहिलेली होती. म्हशींचे कर्ज विक्रेत्याला परस्पर द्यायचे असते, कर्जदाराच्या बचत खात्यात टाकायचे नसते, हे त्या शाखेतल्या शिपायालाही ठाऊक असणार. त्या म्हशी गोठ्यात न येताच हळदीचे व्याज फेडून मोकळ्या झाल्या होत्या.

शाखाधिकाऱ्यांना मी म्हणालो, ‘‘साहेब, आपण गोदाम बघून येऊ.’’ ते म्हणाले, ‘‘आत्ता? ऊन फार आहे हो. उद्या सकाळी निवांत जाऊ.’’ मी उठून उभा राहिलो, तेव्हा तेही उठले.

गोदामात शिरताच हळदीचा तो ओळखीचा उग्र वास आला. पुढे छतापर्यंत गेलेल्या थप्प्या होत्या, दर्शनी पोती नवी आणि घट्ट शिवलेली. व्यापाऱ्याने आम्हाला थंड ताक दिले. थप्पीची लांबी, रुंदी आणि उंची पोत्यांमध्ये मोजून गुणाकार करायचा, अशी मोजणीची सर्वसाधारण रीत आहे आणि त्या रीतीने हिशेब ४,००० च्या जवळ पोहोचतही होता. मला खटकली ती फरशी. पुढच्या भागात ती पिवळीधमक होती, पण दोन थप्प्यांमधल्या फटीतून आत दिसणारी फरशी राखाडी आणि कोरडी होती. हळदीची पोती जिथे ओढली जातात, तिथली फरशी राखाडी राहत नाही.

थप्पीच्या माथ्यावर ताडपत्री घातलेली होती. मी तिथल्या एका वयस्क हमालाला वर चढून आडव्या ओळी मोजायला सांगितले. तो चढला, त्याने ताडपत्री उचलली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग वरूनच म्हणाला, ‘‘सायेब, मधी काय न्हाई. आड हाय नुसता.’’

मी शिडीवरून चढून पाहिले. चारही बाजूंनी पोत्यांची एकेरी भिंत होती, माथ्यावर फळ्या टाकून त्यांवर पोत्यांचा एक थर आणि आत विहिरीसारखी रिकामी जागा. दुसरी थप्पीही तशीच निघाली. प्रत्यक्ष मोजणीत १,१२० पोती भरली, म्हणजे सुमारे ५७ लाखांचा माल.

व्यापारी आरडाओरडा करील असे मला वाटले होते, पण तो एका पोत्यावर बसला आणि शांतपणे सांगू लागला. २०१० च्या सुमारास क्विंटलला १५ हजारांपर्यंत चढलेली हळद त्याने तेजी टिकेल या भरवशावर उधारीने भरली होती आणि पुढच्या दोन वर्षांत भाव कोसळल्यावर ती मिळेल त्या भावाने विकून शेतकऱ्यांची देणी भागवली होती. बँकेचे देणे तेवढे मागे राहिले. तेव्हापासून बहुतेक माल नुसता कागदावरच राहिला. म्हणजे ही पोकळी २०१५ ची नव्हती, तीन वर्षांची जुनी होती आणि दरम्यान तिच्या आधारावर दर वर्षी मर्यादेचे नूतनीकरणही झाले होते. पूर्वी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, हळद साठवत, तेव्हा बँकेचा अधिकारी आत उतरून काय मोजत असेल असा प्रश्न मला पडायचा. इथे तर माल जमिनीवर होता.

संध्याकाळी शाखेत बसून मी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक पुढे ठेवले. ताळेबंदाच्या तारखेच्या तोंडावर एखादी रक्कम भरून नियमित केलेल्या खात्यात मुळातच दुर्बलता दिसत असेल, तर ते अनुत्पादक मानावे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. तारण शेवटच्या पाहणीतील मूल्याच्या निम्म्याच्या खाली गेले असते तर खाते थेट संशयित या अधिक गंभीर वर्गात टाकावे लागले असते. पण मालाखेरीज बँकेकडे गहाण असलेल्या प्लॉटचे १ कोटी धरून ते काठावर निम्म्याच्या वर राहत होते, म्हणून मी ते अनुत्पादक खात्यांच्या पहिल्या, दुय्यम वर्गात ठेवले. तेवढ्यानेही संभाव्य बुडितासाठी १५ टक्के तरतूद आणि वसूल न झालेले व्याज उत्पन्नातून वजा करणे आले. तरतूद मुख्यालयाच्या पुस्तकात होते, त्यामुळे तिचे दुःख शाखेला फारसे नसते. शाखेला छळतो तो अनुत्पादक कर्जांचा टक्का, आणि तो चारवरून जवळपास अकरावर जात होता.

प्रादेशिक कार्यालयातून दोनदा फोन आला. पहिला समजावणीचा होता, दुसरा नव्हता. शाखाधिकारी फोन ठेवून म्हणाले, ‘‘सर, मी एक पैसा खाल्लेला नाही, एवढे तरी अहवालात लिहाल का?’’ असे लिहिण्यासाठी अहवालात रकाना नसतो. त्यांचे म्हणणे मला तेव्हा खरे वाटले आणि आजही वाटते. पण फुटक्या खात्याला ३१ मार्चपर्यंत तगवण्यासाठी लाच लागतेच असे नाही, वरून येणारा एक आकडा पुरतो. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने मोठ्या कर्जांच्या गुणवत्तेची फेरतपासणी सुरू केली आणि मार्च २०१८ पर्यंत देशातील बँकांची सकल अनुत्पादक कर्जे ११ टक्क्यांच्या पुढे गेली. त्या आकड्यांसमोर आमचे दीड कोटी कोणाच्या खिजगणतीत नव्हते.

मी सुचवलेल्या या बदलांचे निवेदन तयार झाले. त्यावर सही करण्यापूर्वी शाखाधिकाऱ्यांनी कपाट उघडून माल-तपासणीची नोंदवही काढली आणि मी मागितली नसतानाही माझ्या बाजूला वळवून ठेवली. चौदा महिन्यांच्या चौदा नोंदी त्यांच्याच अक्षरात होत्या. शेवटची २७ मार्चची होती: ‘४,००० पोती, समक्ष मोजली, साठा समाधानकारक.’

‘‘मोजली नव्हती, सर,’’ ते म्हणाले, आणि निवेदनावर सही करण्यासाठी त्यांनी माझ्याकडे पेन मागितले.