तुम्ही विचारलंत म्हणून : खाजा सोडला, खाज राहिली

आमच्या खानावळीत जेवायला येणारे पुरुष विचारतात, सोलकढीत लसूण किती घालता. बायका हात धुवायच्या निमित्तानं मागच्या मोरीपाशी येतात आणि आवाज खाली आणून दुसरंच विचारतात. "तुम्ही साखर, पाव, आंबोळी सगळं सोडलं होतंत ना? त्यानं गेलं का ते?" माझी वेंगुर्ल्याची जाऊ फोनवर आडपडदा ठेवत नाही. "काय गो, आंबोळी खातंस मा आता?"

'ते' म्हणजे खाली सुटणारी खाज, आग आणि अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं. यीस्टचं, म्हणजे एका जातीच्या बुरशीचं. हे सगळ्यांना कसं कळलं, तर मीच सांगितलं. बचतगटाच्या मीटिंगमध्ये एकदा बोलून गेले, पुढचं वाडीनं केलं. त्याचा मला पस्तावा नाही. न बोलण्यात माझी चार वर्षं गेली होती.

त्यातली पहिली दोन औषधांच्या दुकानात गेली. दुकानात पुरुष उभे असले की मी क्रोसीन घेऊन परत यायची. नसले की फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची दीडशे मिलिग्रॅमची एक गोळी मागायची. तीन दिवसांत बरं वाटायचं, महिना-दीड महिन्यानं पाळीच्या तोंडावर पुन्हा सुरू. मग दुकानदारानंच एक ट्यूब दिली, 'सगळ्या खाजेवर चालते' म्हणून. लावली त्या रात्री अशी झोप लागली की विचारू नका. पुढे कळलं, त्यात बुरशीच्या औषधाबरोबर जोरकस स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं खाज दबते, कातडी पातळ होते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. असल्या स्टेरॉइडच्या मलमांना सरकारनं २०१८ साली चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातलंय. मला कोणी चिठ्ठी विचारली नाही, आणि खरं सांगायचं तर विचारली असती तर मीच पळाले असते.

मग आलं पथ्य. मुंबईच्या भाचीनं एक व्हिडिओ पाठवला. पहाटे उठून, चूळही न भरता, काचेच्या ग्लासातल्या पाण्यात थुंकायचं. थुंकीचे धागे खाली उतरले तर पोटात यीस्ट माजलंय म्हणे. मी ओट्यावर ग्लास ठेवून पंधरा मिनिटं बघत बसले. धागे उतरले. यजमान चहा मागायला आले, त्यांनाही थुंकायला लावलं. त्यांचेही उतरले. तिथंच मला कळायला हवं होतं. लाळ चिकट असते, चिकट लाळ पाण्यात धागे सोडते, एवढाच त्याचा अर्थ. पण घाबरलेल्या माणसाला पुरावा हवा असतो, तो मला मिळाला.

आठ महिने मी साखर, गूळ, पाव, फळं आणि आंबवलेलं सगळं सोडलं. आंबोळी बंद. गणपतीत मोदक वळले, तोंडात एक घातला नाही. आंगणेवाडीच्या जत्रेतून घरात खाजा आला, तो पुडा मी माळ्यावर ठेवला तो वास येऊ नये म्हणून. मे महिन्यात घरात हापूसची पेटी उघडलेली आणि मी काकडी खातेय. नणंद म्हणाली, "खाजा सोडलंस, खाज काय सोडना नाय तुका." चिडले तेव्हा. आता मीच सांगत फिरते.

वजन उतरलं, थकवा आला, चक्कर यायला लागली. व्हिडिओवाल्या बाई म्हणत, यीस्ट मरताना विष सोडतं, त्याची ही लक्षणं, म्हणजे पथ्य लागू पडतंय. बरं वाटलं तरी पथ्य खरं, वाईट वाटलं तरी पथ्य खरं! असल्या हिशेबात कोण हरणार?

शेवटी कुडाळला एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, कापसाच्या काडीनं स्वॅब घेतला, कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायला, पाठवला आणि रक्त तपासायला सांगितलं. स्वॅबमध्ये कँडिडा अल्बिकन्स आला, म्हणजे यीस्टचा नेहमीचाच प्रकार. रक्तात तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, ८.२ आली. ६.५ किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह. मी रिपोर्ट दोनदा वाचला. "मॅडम, मी आठ महिन्यांत साखरेचा कण खाल्ला नाही." त्या म्हणाल्या, "भात?"

भात. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात. गोड सोडल्यावर भूक लागायची म्हणून भात वाढवलेला. उतरलेलं वजन, चक्कर, थकवा, यातलं बरंच त्या वाढलेल्या साखरेचं होतं आणि मी ते मरणाऱ्या यीस्टच्या खात्यावर मांडत होते.

त्यांनी मला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. कँडिडा बऱ्याच निरोगी बायकांच्या अंगातही गुपचूप राहून असतो, तो बाहेरून पावातून येत नाही. पावाचं यीस्ट निराळं, आणि भट्टीत ते मरतंच. आंबोळीच्या पिठात आंबवण्याचं काम मुख्यतः दह्यातल्यासारख्या जिवाणूंचं, तेही बिडाच्या तव्यावर संपतात. रक्तातली साखर ताब्यात असेल तर खाल्लेला मोदक थेट खाली बुरशीला जाऊन मिळत नाही. पण रक्तातली साखर चढली की ती लघवीत आणि अंगातल्या स्रावांत उतरते, आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. म्हणजे माझ्या पथ्याची दिशा अगदीच चुकली नव्हती. मी आंबटाशी भांडत बसले आणि ताटातला डोंगर मला दिसलाच नाही.

औषध असं : फ्लुकोनाझोल दीडशे, दर तिसऱ्या दिवशी एक अशा तीन गोळ्या, मग आठवड्याला एक, सहा महिने. मी सोमवार धरला, कॅलेंडरवर टिकल्या लावल्या. वर्षात तीन-चार वेळा हे उलटलं की हीच पद्धत, एकेक गोळी घेऊन विसरायची नाही. साखरेसाठी मेटफॉर्मिन. यकृताची तपासणी आधी केली. गरोदर बाईनं फ्लुकोनाझोलची गोळी घ्यायची नाही. आमच्या सासूबाईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तिच्याशी तर ही अजिबात पटत नाही, म्हणून माझ्या पाकिटातली त्यांना द्यायची सोय नाही. तुमच्याही घरात हे लक्षात असू द्या. दिलेली चिठ्ठी माझी होती, तुमची नाही. एखाद्या बाईच्या कल्चरमध्ये ग्लाब्राटा नावाचा भाऊबंद येतो, त्याला ही गोळी फारशी जुमानत नाही. आणि पांढरं जाणं प्रत्येक वेळी यीस्टचंच असतं असंही नाही. करडं पातळ जात असेल, मासळीसारखा वास येत असेल तर तो बहुधा जिवाणूंचा प्रकार. (मासळीच्या गावात हे ओळखणं सोपं नाही, हा भाग वेगळा.)

धुण्याची गोष्ट मात्र मला पथ्याहून मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. चादर सुकायला चार दिवस. त्यात बायकांचे आतले कपडे कुठं असतात? मागच्या पडवीत, दोरीवर परकराखाली, परकरावर टॉवेल. कोणाला दिसू नयेत म्हणून. दोन थरांखाली, वारा नाही, ऊन तर नाहीच. सकाळी हाताला गार लागतात, 'गार आहेत, ओले नाहीत' असं म्हणून आपण चढवतो. मी तेवीस वर्षं तसेच चढवले. तेही नायलॉनचे, वर रोजचं पॅड, कशाला तर पांढरं जातं म्हणून. सकाळी तीन तास मोरीवर मासे साफ करायचे, परकराचा घेर भिजलेला, तो दुपारच्या पंगती उठेपर्यंत अंगावर. आणि रात्री जंतुनाशक घातलेल्या कढत पाण्यानं धुवायचं, त्यानं कातडी आणखी सोलायची.

आता सुती आठ जोड आहेत. चुलीच्या वर यजमानांनी दांडी टांगून दिली, तिच्यावर उघडे वाळतात. वीज असली की वरून इस्त्री फिरवते. मासे झाले की आधी कपडे बदलायचे, मग कढी. खालचं अंग धुवायला नुसतं पाणी. पहिल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "चुलीवर ही काय तोरणां लावलंस?" नंतर त्यांचेही त्याच दांडीवर आले.

तीच बुरशी दुसऱ्या दारानंही येते. आमच्याकडे भांड्याला येणारीच्या बोटांना वर्षभर नखुरडं होतं. पाण्यानं नखाची कड सुटते, फटीत ओल राहते, तिथं ती घर करते. तिला आत सुती आणि वर रबरी असे हातमोजे दिले. आधी हसली, आता मोजे विसरली तर परत घरी जाते.

आणखी एक. माझ्या मोठ्या नणंदेला मधुमेहाची नवी गोळी दिली, डापाग्लिफ्लोझिन, आणि पंधरा दिवसांत खाज. ती गोळी साखर लघवीतून बाहेर काढते, म्हणून काही जणींना हा त्रास होतो. तिनं गोळी मनानं बंद केली नाही, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी बदलून दिली. सांगितलं हे महत्त्वाचं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

बरी झाले का? सहा महिने पूर्ण बरी. एचबीए१सी ६.७. गोळी थांबवल्यावर चौथ्या महिन्यात दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं आणि पुन्हा उमटलं. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं. २००४ साली छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात आठवड्याची गोळी घेणाऱ्या दहांतल्या नऊ जणी सहा महिन्यांनी बऱ्या होत्या, गोळी थांबून आणखी सहा महिने गेल्यावर जेमतेम चार. म्हणून रडले नाही, पुन्हा त्यांच्याकडे गेले. या खेपेला दुकानात तीन पुरुष उभे होते. मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि औषधाचं नाव मोठ्यानं वाचलं.

तर जाऊबाई, आंबोळी खाते. काल दोन खाल्ल्या, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर. तिसरी घेतली नाही, ती साखरेसाठी. आंबलेली म्हणून नाही.